जाकिटाचं वजन

नर्स : थांब, पोरीला काट्यावरून उचलू नकोस. परत बघू दे.

सून : सहा किलो आठशे. तुम्हीच वाचलंत, सिस्टर. मागच्या महिन्यात सहा चारशे होती. लिहा ना.

नर्स : लिहिते. आधी तिचा दंड इकडे कर. ही पट्टी बघ. मागे पिवळ्यावर होती, आज लाल. वजन वाढलं आणि दंड बारीक झाला, असं कसं गं?

सून : पट्टी जास्त ओढली गेली असेल.

नर्स : अठरा वर्षं ओढतेय. जाकीट काढ तिचं.

सून : नको, गारठा बाधेल.

सासू : कसला गारठा? मी पदराने वारा घेतेय. सिस्टर, हिने कालच शिवलं हो ते. म्हटलं, नातीची हौस करतेय.

नर्स : आजी, जरा त्याची किनार चाचपून बघा.

सासू : अगं बाई. आत काय भरलंयस?

सून : बटणं. जीनच्या पँटची. कारखान्यात खराब निघाली की टाकून देतात.

नर्स : शिवण छान घातलीस. टाका दिसत नाही.

सून : तेच तर काम माझं. किराणावाल्याच्या काट्यावर तोलून अर्धा किलो घातली.

नर्स : कशासाठी पण?

सून : तुम्हीच म्हणालात, वजन वाढलं नाही तर दवाखान्यात भरती. चौदा दिवस, आणि आईने सोबत राहायचं. सिस्टर, दोन दिवस गेले नाही तर माझ्या मशीनवर दुसरी बसते. फाटकाशी वीस जणी उभ्याच असतात. मशीन गेलं तर घरात पाच तोंडं आहेत.

नर्स : अंगावर पाजतेस का?

सून : तिसऱ्या महिन्यात कामावर गेले. तिथे पदर भिजायचा. मग आटलं.

नर्स : मग दिवसभर काय देता, आजी?

सासू : डब्याचं दूध. भातही भरवते, पण घेत नाही. आणि जुलाब लागले की सगळंच बंद. पोटाला आराम नको?

नर्स : जुलाब वरचेवर होतात?

सासू : नळाला दिवसाआड पाणी. पिंपात साठवलेलं असतं. आठवडा सुना जात नाही.

नर्स : दुधात पावडर किती घालता?

सासू : एक चमचा.

सून : आई, चार सांगितले होते मी.

सासू : सांगितले होतेस. चार घातले तर डबा तीन दिवसांत संपतो, आणि तू तो महिन्यातून दोनदाच आणू शकतेस. तुला कोणत्या तोंडाने मागू? दूध पांढरं दिसलं की मीच माझी समजूत घालायची.

सून : मला बोलायचं तरी.

सासू : तू तरी बटणांचं कुठे बोललीस?

नर्स : दोघी ऐका. मी रागावत नाही. पण दंड लाल पट्टीवर आला की पोराला साधा तापही झेपत नाही. मी आठशे लिहिलं असतं तर तुम्ही हसत घरी गेला असता. पुढच्या महिन्यात काट्यावर ठेवायला पोरगी असती की नाही, देव जाणे.

सून : असं बोलू नका, सिस्टर.

सासू : जन्मली तेव्हा भोपळी म्हणायचो हिला. अजून तीच हाक मारतो. परवा ती हाक ऐकून शेजारीण हसली, तेव्हा कळायला हवं होतं मला. सिस्टर, सोबत आईच लागते का? आजी चालत नाही?

नर्स : चोवीस तास थांबणारं माणूस लागतं. मी डॉक्टरांशी बोलते, नाही म्हणणार नाहीत.

सून : आई, तुमचे गुडघे?

सासू : ते घरीही दुखतात, तिथेही दुखतील. थोरल्या नातवाला त्याचा बाप बघेल, त्याला काय हात नाहीत? दूध माझ्या हातून पातळ झालं. आता तिथे नीट शिकून घेते, कसं करायचं ते.

सून : मी सुटले की रोज येईन.

नर्स : यायचंच. आता उतरव ते जाकीट. खरा आकडा लिहू दे मला.

(सून जाकीट काढून मुलीला पुन्हा काट्यावर ठेवते.)

सासू : किती गं? मला आकडा दिसत नाही.

सून : सहा दोनशे. आई, कमी झालीय ती. लिहा, सिस्टर. आणि हे जाकीट तुमच्याकडेच ठेवा. मला बघवत नाही.

सासू : आण इकडे. शिवण उसवून बटणं काढ आणि जाकीट जपून ठेव. थंडी येईपर्यंत तिला ते घट्ट व्हायला पाहिजे.