बंटीची गल्लीतली परेड

अगं, चहा नंतर पी, आधी हे ऐक. आमच्या बंटीला सुचेना, फौजेच्या बँडमध्ये भरती व्हावं की कॉलेजात संगीत शिकावं. त्याचे आजोबा, म्हणजे आमचे हे, महूच्या पलटणीतून रिटायर. म्हणाले, "बेटा, बँडमध्ये चालत वाजवावं लागतं. दाखव!"

बंटीनं क्लॅरिनेट तोंडाला लावलं, डोळे मिटले नि निघाला गल्लीतून. हे ओरडतायत, "थम! अरे, थम!" पण तो कुठला थांबतो! वाजवत वाजवत सरळ जोशीबाईंच्या स्वयंपाकघरात. त्या पोहे परतत होत्या. म्हणाल्या, "अरे भिया, चप्पल तरी काढ!"

ह्यांनी कपाळावर हात मारला, "कॉलेजातच घाला ह्याला. नाहीतर हा डोळे मिटून बॉर्डर पार जाईल, आणि अख्खा बँड ह्याच्या मागे!"