खरादाची दोरी

अकोल्याच्या नाक्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. वारलेल्या वडिलांचा लाकूड कातायचा खराद विकायला निघालेली गोदा आपल्या गाडीच्या सावलीत बसली होती. पलीकडून एक म्हातारा आणि एक दलाल गाडीत डोकावले.

“हा तं पुंजाराम कातारीचा खराद. गेला बिचारा,” म्हातारा म्हणाला.

“वजनदार आहे बाप्पा. सरकी काढायच्या रेच्याचे रूळ मस्त होतीन याच्यावर. तिकडं अमेरिकेत लढाई चालू आहे तोवर आपल्या कापसाले भाव, रेचेच खपतीन. पीठ मळायच्या काथवटी आता कोन घेते?”

“तुह्या घरची काथवट त्याचीच आहे ना?”

“आहे. वीस वर्सं झाले, चीर नाई पडली. खरादच भारी, म्हून.”

“निस्त्या खरादानं होते का? लाकूड फिरवाची दोरी ओढनारा एका चालीचा लागते. झटका बसला का लाकूड फाटलं.”

“मंग दोरी कोन ओढे?”

“त्याची पोरगी. पुंजाराम म्हने, काथवट तिची आहे, मी निस्ती पटाशी धरतो.”

“तिले मालूम आहे?”

“तोंडावर कोन सांगते गड्या?”

गोदा उठली. खरादाला गुंडाळलेली दोरी तिनं सावकाश सोडवून घेतली.

“बाई, हा खराद विकता का?” दलालानं विचारलं.

“विकते, दादा. दोरी तेवढी तुमी नवी घ्या.”