दोन किलोचा निरोप

घरीच तर करता, म्हणे! आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा! घरी करते म्हणून काय अंडी फुकट मिळतात? लोण्याला कळतं का, की ही बाई आपल्याला घरी नेऊन फेटणार आहे, चला, निम्म्या भावात जाऊ? आणि ओव्हन? तो काय हवेवर चालतो? पण नाही! दारात यायचं, फोटोंची वही मागायची, बोट ठेवायचं ते नेमकं तीन मजली किल्ल्यावर, त्याला बारा बुरूज, बुरुजाला झेंडे, झेंड्यावर पोरीचं नाव, आणि भाव ऐकला की चेहरा असा करायचा, जशी काही हिने त्यांची जमीनच लिहून मागितली... "अगंबाई! एवढे? घरीच तर करता!"

ही म्हणजे कोण, ते राहिलंच. सगळी गल्ली तिला केकताई म्हणते. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातलं स्वयंपाकघर एवढंसं, की ओव्हनचं दार उघडलं तर फ्रिजचं उघडत नाही आणि फ्रिजचं उघडलं तर ताईला बाहेर यावं लागतं. घरात माणसं तीन. एक ताई. दुसरा तिचा नवरा, एका कंपनीच्या ऑफिसात बावीस वर्षं कारकून, स्वभावाने इतका गरीब की घरात आहे की नाही ते दारातल्या चपला बघून ठरवायचं. तिसऱ्या सासूबाई. मुलाने जन्मभर न बोललेलं सगळं त्यांनी बोलून टाकलेलं.

तर पहिली दोन वर्षं ताईने काय केलं? सामानाचे पैसे घेतले आणि वर थोडे. थोडे म्हणजे किती? समोरच्याच्या तोंडाकडे बघून येतील तेवढे! तोंड आंबट झालं की पन्नास कमी. कोणी "बाहेर अर्ध्यात मिळतो" म्हटलं की शंभर कमी. शेवटी तिच्या बहिणीने, ती शिवणकाम करते, तिने एक दिवस वही ओढून घेतली. "हे सामान झालं, ही वीज झाली, हा डबा झाला. आणि तू कुठेयस यात?" ताई म्हणाली, "मी? मी काय, मी घरीच असते." बहीण म्हणाली, "मग ओव्हनही घरीच असतो, त्याचं बिल भरतेस ना?" त्या दिवशी ताईने वहीत पहिल्यांदा लिहिलं, 'माझे तास'. तेही दार लावून, चोरी करावी तसं!

अन् अशात, एका सोमवारी, तो फोन आला.

"केकवाल्या बाई का? एक केक हवाय. शुक्रवारी, चार वाजता. निरोपाचा." आवाज कसा, तर कागद फाडल्यासारखा. ताईने विचारलं, कुठे पोचवायचा? त्याने पत्ता सांगितला. ताईने तो दोनदा वदवून घेतला. नवऱ्याचंच ऑफिस! नंबर म्हणे टायपिस्ट बाईंकडून मिळाला, त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला ताईचा केक होता. ही अमक्याची बायको हे त्याला ठाऊक नाही, कारण नवऱ्याने ऑफिसात घरातलं कधी सांगितलंच नव्हतं. पण ताईने आवाज ओळखला हो! आधी कधी न ऐकता, नवऱ्याच्या नुसत्या वर्णनावरून ओळखला! हा कात्री. हेडक्लार्क. समोर येईल ते बिल कापतो म्हणून सगळं ऑफिस त्याला कात्री म्हणायचं. टाचण्यांचं बिल आलं तरी टाचण्या मोजायचा.

"कुणाला निरोप द्यायचाय?" ताईने विचारलं.

"एक जण जातोय."

"कुठे?"

"...जातोय."

"बरं, नाव काय घालू?"

"नाव नंतर सांगतो."

आता तुम्ही म्हणाल, यात घाबरण्यासारखं काय? अहो, दोन महिने त्या ऑफिसात कुजबुज चालली होती, की कोणीतरी जाणार. आधी कॉरिडॉरमधले निम्मे दिवे बंद झाले. मग दुपारचा चहा गेला. मग एका सकाळी दोन टेबलं उचलून नेली, पुसायला नेली असतील असं सगळे म्हणाले, ती काही परत आली नाहीत. नवरा घरी येऊन हे सांगायचा, तेही भातात आमटी कालवता कालवता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

ताईने हिशेब केला. सामान अकराशे, वीज आणि डबा दोनशे, तिचे नऊ तास साडेतेराशे. दोन किलो, चॉकलेटचा, वर साखरेची पांढरी फुलं. सव्वीसशे पन्नास. आणि मग, बरोबर! "एवढे? घरीच तर करता!"

मंगळवारी पुन्हा फोन. "दोन किलो नको. दीड करा. माणूस तेवढा मोठा नाही."

"म्हणजे... अंगाने?"

"नाही हो! हुद्द्याने!"

बुधवारी पुन्हा. "ती फुलं काढा. पुरुषमाणूस आहे, फुलं घेऊन काय करणार?" ताई धीर करून म्हणाली, "अहो, निदान माणूस कसा आहे ते तरी सांगा, आवडनिवड कळली तर बरं." तर हा म्हणतो, "मलाच नाव सांगितलं नाही अजून. साहेब म्हणाले शुक्रवारी कळेल. एवढंच बोलले, की जुना माणूस आहे, वीसच्या वर वर्षं झालीत, मान खाली घालून काम करतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

हे वर्णन कुणाचं? मागे सासूबाई कान लावून उभ्या, त्या कुजबुजल्या, "चष्मा विचार, चष्मा!" ताईने विचारलं, "चष्मा आहे का हो त्यांना?"

"बाई, आमच्याकडे वीस वर्षं काढल्यावर चष्मा कुणाला नसतो?"

त्याच संध्याकाळी नवरा घरी आला तो ऑफिसातला कप पिशवीत घालून. ताईने विचारलं, "हा का आणलात?" तर म्हणाला, "तिथे चहाच नाही आता. कप काय करायचाय?" आणि त्याने तो कप धुतला, पुसला आणि कपाटात सगळ्यात मागे, पाहुण्यांच्या कपांच्याही मागे ठेवला. सासूबाईंनी ताईकडे बघितलं. ताईने सासूबाईंकडे बघितलं. कोणी काही बोललं नाही... सासूबाईसुद्धा! म्हणजे प्रसंग किती बाका असेल बघा!

नवरा अंघोळीला गेला मात्र, सासूबाईंनी ताईला कोपऱ्यात गाठलं. "फुकट देऊन टाक गं केक! म्हणावं, मी अमक्याची बायको, आमच्याकडून भेट. साहेबाला जरा तरी लाज वाटेल. अजून केकवर नाव कुठे पडलंय? नावं काय, बदलतात!" आणि खरं सांगतो, ताईला ते पटलं. रात्रभर पटलेलं होतं. सव्वीसशे पन्नासात नवऱ्याची नोकरी राहत असेल तर महाग आहे का? आणि त्याच्या जागी दुसरा कोण जाईल, हा विचार? तो आला होता मनात. ताईने कूस बदलली आणि त्याच्याकडे पाठ केली. आता तुम्ही नाकं मुरडू नका, तुम्हीही केली असती!

गुरुवारी सकाळी ती मैदा चाळायला बसली. चाळता चाळता वही समोर उघडी होती आणि तिची नजर सारखी त्याच ओळीवर जात होती. माझे तास. उद्या हा माणूस कप-छत्री घेऊन घरी बसला, की या घरात दुसरं आहे काय? एवढे तासच आहेत. तेच आज फुकट वाटून टाकले तर परवा चूल कशावर पेटवायची?

आणि तेवढ्यात फोन वाजला. कात्री! "मी अठराशे मंजूर करून घेतलेत. त्यात बसवा."

ताई म्हणाली, "नाही बसत."

"काय?"

"सव्वीसशे पन्नास होतील. आणि केक दोन किलोचाच होईल, फुलांसकट. वीस-वीस वर्षं ज्याने तुमच्याकडे काढली त्याला दीड किलोत निरोप मी नाही देणार. पटत नसेल तर बाहेरून घ्या." जन्मात पहिल्यांदा बोलली हो हे वाक्य! ओटा धरून उभी होती, पण बोलली!

"अहो, पण घरीच तर..."

"हो, घरीच करते! आणि उद्यापासून घर यावरच चालायचंय!" आणि ठेवला फोन. सासूबाई डोक्याला हात लावून खालीच बसल्या. "गेली," म्हणाल्या. "होती नव्हती ती आशा गेली." फोन काही परत आला नाही. ऑर्डर आहे की मोडली, तेही कळेना. ताईने तरीही केक केला. का केला? अहो, न करून करणार काय? हाताला काही नको का?

शुक्रवारी सकाळी नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला. दारात क्षणभर थांबला. "चारला काहीतरी कार्यक्रम आहे म्हणे. उशीर होईल," म्हणाला आणि जिना उतरला, एकेक पायरी मोजत उतरावं तसा.

तीन वाजले तरी नावाचा पत्ता नाही. शेवटी ताईने डबा उचलला, नाव लिहायचा आयसिंगचा कोन पिशवीत टाकला आणि रिक्षा केली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती केकला जपत होती आणि मनातल्या मनात नवऱ्याचं नाव गिरवत होती. तीन अक्षरं. केकच्या मधोमध बरोबर बसतील. इतक्या वर्षांच्या संसारात तिने कधी त्याचं नाव लिहिलं नव्हतं, आणि लिहायची पाळी यावी ती अशी!

ऑफिसात अर्धवट अंधार. कॉरिडॉरमध्ये एक बाक, बाकासमोर एक उंच, वाळका माणूस, खिशाला लाल पेन. "आणलात?" म्हणाला. फाटक्या कागदाचा आवाज. कात्री! त्याने डब्याकडे बघितलं, डोळ्यांनीच वजन केलं. "दोन किलो," म्हणाला, आणि तोंड आंबट केलं.

एवढ्यात आतून टायपिस्ट बाई आल्या. साहेबांनी दिलेली चिठ्ठी ताईच्या हातात ठेवली आणि कुणाकडेही न बघता निघून गेल्या. चिठ्ठी चारपदरी घडी घातलेली. ताईने एक घडी उलगडली. दुसरी उलगडली.

नवऱ्याचं नाव नव्हतं! परत वाचलं. नव्हतंच! आनंदाने ओरडावंसं वाटलं तिला, पण नाव अनोळखी होतं, नुसतं पुस्तकी, लांबलचक. कोन हातात घेऊन तिने कात्रीला विचारलं, "हे कोण हो? नीट वाचून सांगा, अक्षर लागत नाही."

कात्रीने चष्मा सारखा केला. वाचलं. मग चिठ्ठी उलटी करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं. मागे कोरं.

"मी," म्हणाला.

आता बोला! आठवडाभर त्या माणसाने घासाघीस केली ती स्वतःच्याच केकवर. अर्धा किलो स्वतःचाच कापला. फुलं स्वतःचीच काढली. हुद्द्याने मोठा नाही, हेही तोच बोलला होता.

ताई बाकावर डबा ठेवून, वाकून, नाव लिहायला लागली. तो वरून बघत होता. अर्ध्यात त्याचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. "वेलांटी दुसरी आहे," म्हणाला. "पहिली नाही. बावीस वर्षं पगारपत्रकातही चुकीचीच लिहितात." ताईने बोटाने पहिली पुसली आणि दुसरी काढली. मग त्याने मंजूर झालेले अठराशे दिले, आणि वरचे साडेआठशे स्वतःच्या पाकिटातून मोजायला लागला. ताई म्हणाली, "राहू द्या हो." तर तो चिडला! "राहू द्या कसं? फुलं ठेवलीत ना? मग लावा की त्यांचे!" आणि मोजले. दोनदा मोजले.

हॉलमध्ये सगळे उभे होते. नवऱ्याने ताईला केक घेऊन येताना बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. केक आणलाय बायकोने, म्हणजे नाव कुणाचं असणार? मग त्याने मान लांब करून केकवर वाचलं. चेहऱ्यावर रंग आला, आणि तो रंग लपवायला जागा सापडेना म्हणून तो मोठ्याने म्हणाला, "ही माझी बायको. केक करते." बावीस वर्षांतलं त्या ऑफिसातलं त्याचं सगळ्यात लांब भाषण!

कात्रीने केक कापला. सारखे तुकडे केले, एकसुद्धा लहानमोठा नाही. साहेबांनी एक खाल्ला, दुसरा उचलला. बोटं पुसत ताईकडे आले आणि हळूच म्हणाले, "फार सुंदर. आम्हाला आता हे दर महिन्याला लागेल. महिन्याला एक असे अकरा धरा. एकदम सांगितले तर काही कमी होतील का? घरीच तर करता ना?"

ताईने हॉलमधली डोकी मोजली. साहेब आणि कात्री सोडून, अकरा.

घरी जाताना रिक्षा गल्लीत वळल्यावर नवऱ्याने विचारलं, "साहेब काय म्हणत होते गं? काही कमी केलंस का?"

"छे! एक पैसा नाही," ताई म्हणाली. "फक्त म्हटलं, आमच्या ह्यांचा अकरावा ठेवा."