कप्तानाचा चहा

त्या शनिवारी आयर्लंडातल्या आमच्या मलिंगार गावात घडीत ऊन, घडीत पाऊस. दोरीवरचे कपडे मी तीनदा आत आणले आणि चौथ्यांदा खुशाल भिजू दिले. पण कपड्यांचं राहू द्या, गंमत पुढंच आहे.

शेजारच्या नोराबाई आणि माझी नात सारा दर शनिवारी आमच्याकडं टीव्हीवर एका अंतराळयानाच्या कप्तानाची मालिका बघायच्या. ती संपली आणि तिच्यातूनच शाळकरी पोरांची नवी मालिका निघाली. सारा हरखून गेली. नोराबाई मात्र पहिल्याच भागाला मधूनच उठल्या. "आमच्या कप्तानाची सर या पोरांना नाही. मी काही आता यायची नाही," हे मला सारानं मराठीत सांगितलं.

साराचं तोंड एवढंसं झालं. "आजोबा, तू सांग ना, नवी मालिका ग्रँड आहे ना, एकदम छान?"

मला इंग्रजी कळत नाही, पण डोळे आहेत. म्हटलं, "पोरं गुणी आहेत गं. पण मघापासून बघतोय, त्यांना कुणी जेवायला वाढेना. साधा चहासुद्धा नाही. त्या कप्तानाच्या यानात चहा कोण करायचं?"

सारानं ते इंग्रजीत सांगितलं. नोराबाई दारातच थबकल्या. मग तरातरा घरी गेल्या.

पुढच्या शनिवारी दार वाजलं. बघतो तर नोराबाई, हातात वाफाळती किटली. त्या बोलत होत्या आणि सारा हसत हसत ते मला मराठीत सांगत होती, "आठवडाभर सगळे जुने भाग काढून बघितले हो. आमच्या कप्तानालाही कधी कुणी घोटभर चहा दिला नाही! सरका जरा, या पोरांना तरी पाजू."