टीव्हीवरचा मेंढीकोट

हॅलो?… हॅलो, मिनल? बोल वं… थांब, कूलर बंद करते, हा कोणाले बोलू देत नाही… हां. आता बोल.

हो, पोहे झाले. रविवार आहे न. तुझे बाबा साडेनऊपासून टीव्हीपुढं बसून राहिले. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. जसे काही यायचे पार्टनर देवाजीभाऊ तिकडं धरमपेठेत बसून बाबांचा शर्ट पाहणार आहेत… बोलली न मी तसं. तर म्हणतात, पत्ते खेळायले कोणी बनियनवर बसत नाही.

हो, हो… अगं ऐक ना, डाव तर साडेदहाचा आहे. मग तू आत्ता काहून फोन केला?

काय काढून टाकते?

टीव्हीवालं?

म्हणजे तू बनवलेला पत्त्यांचा मेंढीकोट फोनवर राहील, कॉम्प्युटरवर राहील, अन् टीव्हीखालच्या गेमच्या डब्यावरचा तेवढा जाईल… काहून वं? तूच तर सांगितलं होतं, एकदाच लिहायचं अन् तिन्हीकडे चालवायचं. याच दिवाणावर बसून. "आई, पत्ते तेच, डाव तोच, फक्त हात लावायची रीत वेगळी. फोनवर बोट, कॉम्प्युटरवर माउस, टीव्हीवर कंट्रोलर." मी प्रताप नगरातल्या अर्ध्या बायांले हे पाठ करून सांगितलं आहे. आता त्यायले काय सांगू?

नंदिनी म्हणते?… पार्टनर आहे म्हणून तिचं सगळंच ऐकायचं का?… बरं, बरं. नाही बोलत तिले काही. हुशार आहे पोरगी. पाहिली न मी, तुमच्या दोघींच्या कंपनीच्या फोटोत. चहाचा कप तिच्या हातात, बशी तुझ्या हातात. माझ्या लक्षात राहते असं.

हं… हं… किती वेळा?… आठवड्यात अकरा वेळा टीव्हीवाला माणूस डावातून बाहेर फेकला गेला. अन् फोनवाले देवाजीभाऊ?… एकदाही नाही. कॉम्प्युटरवाली करिष्मा?… एकदा. ते मले माहीत आहे, वरच्या मजल्यावरची लाइट गेली होती. भाडेकरू माझी, मीटर माझ्या जिन्यात, मले नाही कळणार तर कोणाले.

अच्छा… म्हणजे उद्या तुम्ही तिन्ही पाठवणार, अन् त्या गेमच्या डब्याच्या कंपनीचा माणूस बसून खेळून पाहणार. खेळता खेळता बाहेर पडला, तर तुमचं परत… हं… अन् मग पुढचा नंबर लागायले महिना. म्हणून टीव्हीचंच कापायचं. समजलं मले. मी काय अडाणी आहे का?

एक सांग. तुझ्या चार खेळणाऱ्यांत टीव्हीवर कोण आहे?… नाव घे न… हां. तेच.

नाही वं, नाराज नाही. फोनवर नाही होत त्यायले, एवढंच सांगून राहिली. लकव्याच्या त्या झटक्यापासून उजवा हात… माहीत आहे, फिजिओवाली येते, चेंडू दाबायले लावते, "काका, छान" म्हणते. चेंडूले काय लागते? फोनवर एक पत्ता दाबायले जातात अन् तीन पत्ते सरकतात. मग फोन उलटा करून ठेवून देतात अन् मले विचारतात, भाजी कोणती आहे. कंट्रोलर कसा मांडीवर राहते, डाव्या अंगठ्यानं जमते… आठ महिने, मिनल. आठ महिने दर रविवारी खिडकीत बसून रस्त्यावरचे ऑटो पाहत होते. इकडं यायचा हात, तिकडं देवाजीभाऊचा गुडघा. तीस वर्षांचे पार्टनर, अन् फोन केला की बोलायचे काय? "जेवला का?" "जेवलो. तू?" "मी पण." ठेवला. पुरुषांले हातात पत्ते असल्याशिवाय बोलताच येत नाही.

नाही, तुले वाईट वाटावं म्हणून नाही… बरं, वाटू दे थोडंसं.

वही? पाठवले न सगळ्या पानांचे फोटो. तारीख, वेळ, यंत्र, खेळणारा, काय झालं. पाच रकाने पाडले आहेत पट्टीनं. तुझ्या नंदिनीनं ठेवली असती का अशी वही?… अगं, या घरातले सगळे कोट मीच लिहून ठेवले आहेत. कोणी किती वेळा चारही दश्श्या घालवल्या. देवाजीभाऊ एका डावात किती वेळा खोकले, अन् त्यातले खरे खोकले किती. तीस वर्षांत खरे निघाले सात.

हां, वाच. "रविवार, दहा पन्नास, टीव्ही, बाबा, बाहेर." बरोबर. "मंगळवार, सव्वापाच, टीव्ही, बाबा, बाहेर." बरोबर… काय?… काठाले काय आहे?

कोणतं 'व'?

ते… ते काही नाही. हळदीचा डाग असेल.

हो न, अकराही ओळींले एकाच जागी हळद लागत नाही… हो, जिथं बाहेर नाही पडले तिथं नाही आहे ते 'व'. पाहून राहिली मी पण. वही समोरच आहे माझ्या.

थांब. स्वयंपाकघरात जाते.

हां. हळू बोलते, तू पण हळू बोल… 'व' म्हणजे वंदना. म्हणजे मी.

अगं, ते फार वेळ लावतात. तुझं ते वीस सेकंदांचं चक्र नाही का फिरत कोपऱ्यात? ते लाल होऊ लागते. अंगठा एकीकडे, पत्ता दुसरीकडे. यायच्या कपाळावर घाम. मले पाहवत नाही ते. तर मी ओट्याजवळून… माझ्या फोनवरून, त्यायच्या नावानं आत जाते, अन् चांगला पत्ता पाहून टाकून देते. त्यायले वाटते, आपणच टाकला. मी आत गेली की तिकडं टीव्ही झपकन पहिल्या पानावर जाते. मी म्हणते, बंद पडला वाटते हा डबा, पुन्हा आत जा. अन् वहीत लिहून ठेवते. टीव्ही बाहेर.

त्याच नावानं, हो. पासवर्ड पण तोच. मीच तर टाकून दिला होता… मले काय माहीत? मले वाटलं, अ‍ॅप एकच आहे, तिन्हीकडे चालते, तर एक माणूस दोन्हीकडे चालायले काय हरकत आहे?

काय?… तूच तसं करून ठेवलं आहे? एक नाव दुसऱ्या यंत्रावर उघडलं की पहिल्यावरून आपोआप बाहेर… काहून?… लबाडी होऊ नये म्हणून. कोणी दोन ठिकाणी बसू नये म्हणून.

अवं माय.

म्हणजे डबा चांगला आहे. टीव्ही चांगला आहे. तू लिहिलेलं चांगलं आहे. मीच त्यायले अकरा वेळा डावातून उठवलं.

हसू नको वं… मिनल, हसू नको. हे दुसरं कोण हसून राहिलं?… मी स्पीकरवर आहे? केव्हापासून?… नमस्कार, नंदिनीबाई. मघाचं मनावर घेऊ नका. बशीचं पण.

हो, बरोबर म्हणते ती. ओळीनं पाच डाव जिंकले ते. तुझे बाबा आयुष्यात इतके चांगले कधी खेळले नव्हते. देवाजीभाऊनं परवा मले विचारलंच, "वहिनी, मनोहरले झटका बसला अन् अक्कल आली का?" मी म्हटलं, औषधं भारी आहेत… खुश? नाही न. तेच तर. पहिले जिंकले की ओरडायचे, शेजारचं कुत्रं भुंकायचं. आता पाच डाव जिंकले अन् पाचही वेळा कंट्रोलर बाजूले ठेवून पाणी मागितलं. ते मी वहीत नाही लिहिलं. त्याचा रकानाच नव्हता.

अगं, साडेदहा झाले. बाबा बोलावून राहिले… आली, आली! थांब, त्यायच्या नावातून बाहेर पडते… पडली. पासवर्ड पण पुसला. आता मले हवं असलं तरी जाता येणार नाही… येते का? बरं, मग नंतर तू बदलून टाक.

चक्राचं काय केलं?… पंचेचाळीस सेकंद. फक्त यायले?… सगळ्यांले. टेबल मांडणाऱ्यानं ठरवायचं. हे चांगलं केलं. कोणासाठी वाढवलं ते कोणाले कळायले नको.

फोन ठेवू न मग?… नको? कानाशीच धरून ठेवू?… काहून?… अच्छा. कानाले लावला म्हणजे बोट लावता येत नाही. माझीच पोरगी आहेस तू.

बसली मी. यायच्या मागं, खुर्चीवर… हो, दिसून राहिलं सगळं. तू अन् करिष्मा एकीकडे, हे अन् देवाजीभाऊ एकीकडे. पत्ते चांगले आले आहेत यायले… सांगत नाही, नुसतं चांगले म्हटलं… हं… पडला. पहिला पत्ता पडला. बत्तीस सेकंद.

दुसरा पण… टीव्ही चालू आहे. आहे, आहे, बाहेर नाही गेला.

सहावा हात. एकदाही नाही… देवाजीभाऊ खोकले, ऐकलं का? त्या अ‍ॅपमध्ये आवाजाचं बटण ठेवलंच काहून तू? त्यायले घरबसल्या लबाडीची सोय करून दिली.

थांब… यायची पाळी… नाही, नाही, तो नाही… मी कुठं काही बोलली? मी तुले बोलून राहिली. अंगठा पुढच्या पत्त्यावर गेला… परत आणला… अर्धं चक्र झालं… मिनल, मले नाही पाहवत… हो, कानालेच आहे फोन… लाल झालं…

पडला! त्यायनंच टाकला वं!

अन् काय टाकलं?… बदामची दश्शी! राजा अजून पडला नाही, अन् हे दश्शी देऊन बसले… तुझ्याकडे आहे राजा?… नको न… घेतली? बापाची दश्शी घेतली? लाज नाही वाटत?

हो, डाव म्हणजे डाव. ते पण हेच म्हणतात.

झालं. बसला कोट. चारही दश्श्या तुमच्याकडे… नाही, बाबा काही… थांब. खांदे हलून राहिले त्यायचे… मिनल, हसून राहिले वं ते. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. देवाजीभाऊले ओरडून म्हणतात, "इतका खोकून राहिला तर औषध घे न गा!"… ऐकलं, तिकडून काय आलं ते? तुझ्या नंदिनीचे कान झाक… शिव्या देऊन राहिले देवाजीभाऊ. आठ महिन्यांनी. घे, आता हे पण देऊन राहिले. देऊ दे. कोणी "जेवला का" तर नाही विचारत.

काय म्हणता, अहो?… तिले सांगू?… मिनल, विचारून राहिले, आज ओट्याजवळून कोणी खेळलं नाही वाटते?

हो. यायले माहीत होतं वाटते. केव्हापासून, ते मी नंतर विचारते. नाही, नाही विचारत.

मग? उद्या काय पाठवते?… तिन्ही. नंदिनी?… कप ठेव खाली अन् नीट सांग म्हणा तिले… बरं. तिन्ही.

लिहून राहिली न. "रविवार, अकरा दहा. टीव्ही. बाबा. आत. कोट बसला." काठाले काही नाही. हवं तर फोटो पाठवते.

दुसरा डाव मांडून राहिले का?… आली! अगं, ओरडून राहिले. म्हणतात, फोन ठेव वं, पोरीले माझे पत्ते सांगून राहिली… ठेवते, ठेवते. नाही, हातात नाही ठेवत. फ्रिजवर ठेवते… फ्रिजवर हात पुरते, तेही खरं. मग तांदळाच्या डब्यात टाकते अन् झाकण लावते.

ठेवला.