बाराव्या झाडाचं नाव

(पोलीस ठाण्याचा ओटा. अंथरलेल्या पोत्यावर बारा उपटलेली झाडं, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी.)

किसनराव: तेच सांगून राह्यलो ना बाई. हा गांजा हाये असं मी नाही म्हणत, फोन म्हणते. फोटो टाकला तं एक्याण्णव टक्के गांजा सांगलं त्यानं.

अंबूबाई: फोननं भाजी खाल्ली का कदी? रानअंबाडी हाये ते. बांधावर आपसूक उगवते. सकाळपासून माहा हरिओम आत कोंडला, अन् तुमी हवालदार असून फोनाले इचारता.

किसनराव: म्हणून तं कॉलेजातून या योगिनी मॅडमले बोलावलं. झाडंच शिकवते त्या. मॅडम, साहेब चार वाजता येते. समदी अंबाडी निंगाली तं पोट्टा घरी, नाही तं कोर्टात. तुमी लिहून द्यासान तसं.

योगिनी: एकेक झाड बघावं लागेल. भारा बघून सही करत नाही मी.

अंबूबाई: पाहा ना मॅडम. खोडावर बोट फिरवा.

योगिनी: हो, बारीक काटे लागतात.

अंबूबाई: आता पान चावा.

योगिनी: आंबट आहे.

अंबूबाई: हवालदार साहेब, तुमीबी चावा.

किसनराव: मुद्देमाल हाये बाई. चावता येत नाही.

अंबूबाई: मोताळ्याच्या बाजारातून तुमची बायको जुडी नेते माह्याजवळून. भाकरीसंगं खाता तवा नसते मुद्देमाल?

योगिनी: लिहा, किसनराव. नंबर एक. खोडाला काटे, पान आंबट. फूल फिकं पिवळं, मधोमध जांभळा डोळा. पान पंजासारखं फाटलेलं, पण बुडाशी सांधलेलं. रानअंबाडी.

किसनराव: पण पान तं हुबेहूब तसंच दिसते.

योगिनी: म्हणून तर हिच्या शास्त्रीय नावातच गांजा घातलाय. शास्त्रवाल्यांनाही तेच आठवलं. तुमची काही चूक नाही.

अंबूबाई: चूक नाही कशी? सोमवारी वनरक्षकाच्या भरतीची धाव हाये पोराची. दोन वर्सं पहाटे उठून धावला तो. केस लागली तं कोन घेते त्याले जंगलात?

किसनराव: घाबरू नका बाई. अंबाडीच निंगून राह्यली ना? हे पाहा, दोन, तीन... सात झाले मॅडम.

योगिनी: आठही तेच. नऊ, दहा. अकराला बोंडं धरलीत, त्यांनाही बोचरी कूस आहे. अंबाडी.

अंबूबाई: म्या काय म्हनलं होतं? आता आत जाऊन सांगा त्याले, माय थांबली हाये म्हना, संगंच जाऊ.

योगिनी: किसनराव, हे बारावं कुठून उपटलं?

किसनराव: गोठ्याच्या मांगून. बाकीचे बांधावरचे. काऊन?

योगिनी: काही नाही. मला जरा पाणी आणता का? हापशीचं नको, माठातलं.

किसनराव: आनतो ना. तोवर मुद्देमाल तुमच्या हवाली.

योगिनी: मावशी, या झाडाच्या खोडाला काटे नाहीत.

अंबूबाई: उन्हानं झडले असन.

योगिनी: काटे असे झडत नाहीत. हे पान बघा. बुडाशी सांधलेलं नाही. एका देठावर पाच वेगवेगळी पानं आहेत. आणि वास तुम्हाला माझ्याआधी आला असणार.

अंबूबाई: बैलाले ढाळ लागते तवा दोन पानं भाकरीत देतो आमी. सासूबी देत होती. एकच झाड हाये मॅडम. ईकाले नाही, ओढाले नाही.

योगिनी: मला पटतं. कायद्याला नाही पटणार.

अंबूबाई: उचलू का मंग? लुगड्यात मावते.

योगिनी: पंचनाम्यात बारा लिहिलीत. अकरा भरली तर साहेब आधी हरिओमलाच विचारतील.

अंबूबाई: मंग अंबाडी लिहा. अकरा खरी लिहिली ना तुमी? एकासाठी तुमचा हात काऊन अडते?

योगिनी: हे झाड पुढे तपासायला नागपूरला जाईल. तिथे गांजा निघाला की माझी अकराही खोटी ठरतील. मग त्याला कोण सोडवणार?

अंबूबाई: तुमाले लेकरू असतं तं असं बोल्ल्या नसत्या.

योगिनी: असेल. पण मला हे लिहिता येत नाही, मावशी. हरिओमला माहीत होतं का हे झाड?

अंबूबाई: त्यानंच तं पानी घातलं उन्हाळाभर. सकाळी गजाआडून म्हने, माय, तू घरी जाय, समदी झाडं माहीच म्हनून लिहून देलं म्या. मले वाटलं, बांधावरची अंबाडीच उपटली तं कायले भ्याव? येडी मी. तो माह्यासाठीच लिहून बसला.

योगिनी: किसनराव आले. मावशी, मी काय लिहू ते मलाच कळत नाहीये.

किसनराव: घ्या मॅडम, थंडगार. झालं का? बारा नंबर, रानअंबाडी, लिहू ना?

योगिनी: थांबा. बारा नंबर...

अंबूबाई: मी सांगतो, लिहा हवालदार साहेब. खोड गुळगुळीत. एका देठावर पाच पानं, पाचही येगळी. पान आंबट नाही. वास उग्र.

किसनराव: म्हंजे?

अंबूबाई: म्हंजे गांजा. लावनारी अंबूबाई हिंमतराव. पोराले सोडा, मले बसवा आत.

किसनराव: अवो बाई, पण त्यानं सही करून देली हाये. समदी झाडं माही, म्हणते. बाराही.

अंबूबाई: त्याले कुठी झाडं ओळखू येते, साहेब.