महूची ड्यूटी

मला बघायला आले ना, तेव्हा टीव्ही चालूच होता, आणि तो बंद करायला बाबा काही तयार नव्हते. फ्रीगंजात आमच्याकडे केबल नुकतीच आली होती. टीव्ही बंद ठेवला तर ती पाहुण्यांना दिसणार कशी?

जुनं इंग्रजी कार्टून लागलं होतं. एका हॉटेलात इंग्रजी सिनेमातले जुने नट-नट्या जेवायला येत होते, सगळे व्यंगचित्रातल्यासारखे काढलेले. कुणाचे कान सुपाएवढे, कुणाची हनुवटी पार छातीपर्यंत.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी. मुलाची आई विचारत होती, "पुरणपोळी येते का गं?" मुलगा रेल्वेत. त्याचे वडीलही रेल्वेतूनच गार्ड म्हणून रिटायर झालेले. ते आल्यापासून टीव्हीकडेच बघत होते.

तेवढ्यात होडीएवढ्या पावलांची, अर्धे डोळे मिटलेली एक बाई पडद्यावर आली, आणि ते ताडकन उठले.

"अरे, ये तो वही है! पाय जरा मोठे केलेत, पण तीच! महूच्या टॉकीजमध्ये हिचं एक पिक्चर मी सात वेळा पाहिलंय!"

"कधी?" बायकोने विचारलं.

"आपलं लग्न नवीन होतं तेव्हा."

"तेव्हा तर दर रविवारी तुमची महूला ड्यूटी असायची."

ते हळूच खाली बसले आणि पोहे खायला लागले.

पुरणपोळीचा प्रश्न तिथेच राहिला. एरवी अशा वेळी "पत्राने कळवतो" म्हणून उठायची रीत. पण मुलाच्या आईने आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "हा ड्यूटी आहे म्हणाला, की आधी स्टेशनवर फोन करून विचारायचं."